आप्पांच्या आवाजातलं वाक्य

वाडीत गाऱ्हाणं घालायला आप्पाच लागत. शिमग्यात देवीची पालखी दारोदार फिरायची, तेव्हा प्रत्येक अंगणात त्या घराच्या वतीने देवीकडे मागणं मागायचं काम त्यांचं. कोणाच्या लेकीचं लग्न अडलंय, कोणाचा मुलगा मुंबईत आजारी आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. ते मागत आणि माणसं एका सुरात "होय म्हाराजा" म्हणत. दुसऱ्यांसाठी मागताना आप्पांची जीभ कधी अडखळली नाही.

मुलगा सुजय जहाजावर होता. रोज संध्याकाळी, पानं वाढायच्या वेळेला, त्याचा फोन येई. सून मृणाली तो तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवी आणि पलीकडून आवाज येई, "आप्पा, जेवलात काय? आज म्हावरं काय?"

"अख्खा समुद्र तुझ्याखाली, नि मासे मला विचारतोस?" आप्पा म्हणत. रोज तेच विचारणं, रोज तेच उत्तर, आणि रोज दोघं हसत.

सुजयची लेक राही सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, कोणाला हाकसुद्धा मारत नव्हती. शेजारच्या जनीकाकीने वेखंड उगाळून जिभेला लावून पाहिलं होतं. मग एका दुपारी राही स्वयंपाकघरात आली, तांदळाच्या डब्याशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, जेवलात काय? आज म्हावरं काय?" आवाज लहान मुलीचा, पण चढउतार सगळे सुजयचे. मधला तो दम घेणंसुद्धा त्याचंच. मृणालीने ताट वाढलं तशी ती निमूट जेवली. पुढे भूक लागली की ती हेच म्हणे. फोनवर हे ऐकून सुजय इतका हसला, की त्याला ठसका लागला.

गेल्या वर्षी पौषात जहाजावर अपघात झाला आणि सुजय गेला.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जेवणाला उशीर झाला होता. राही डब्यापाशी गेली आणि बापाच्या आवाजात तिने विचारलं, "आप्पा, जेवलात काय?" बायकांनी हंबरडा फोडला. आप्पा ताडकन उठले आणि ओरडले, "गप! परत बोलायचं नाही!"

राही गप्प झाली, ती झालीच. भूक लागली तरी मागेना. मृणाली घड्याळ बघून तिला भरवू लागली.

मृणाली तिला रत्नागिरीला, अशा मुलांना बोलायला शिकवणाऱ्या दीपालीबाईंच्या वर्गात नेऊ लागली. एकदा आप्पाही बरोबर गेले.

दीपालीबाई म्हणाल्या, "आप्पा, बाकीची मुलं एकेक शब्द वेचतात. राही अख्खं वाक्य उचलते, आवाज, चाल, वेळ, सगळ्यासकट. पुढेमागे ती त्याचे तुकडे करून आपली वाक्यं जुळवेल. तोवर ती काय म्हणते ते धरून बसू नका. कधी म्हणते ते बघा."

"म्हणजे ती मला चिडवत नव्हती?"

"जेवायला मागत होती."

आप्पांनी हळूच विचारलं, "ते वाक्य परत येईल काय?"

"सांगता येत नाही."

सुजयचा आवाज कोणी भरून ठेवला नव्हता. रोज तर बोलतोय, जपून काय ठेवायचं? तो होता तेवढा त्या पोरीच्या गळ्यात होता. त्या दिवसापासून आप्पा रोज जेवणाच्या वेळी मोबाइल डब्याला टेकवून ठेवत आणि सुजयच्या चालीत स्वतःलाच विचारत, "आप्पा, जेवलात काय?" राही डब्याकडे बघत बसे. मृणाली पाठ फिरवून भाकरी थापत असे.

सुजय गेला त्या वर्षी पालखी अंगणात आली नव्हती. यंदाच्या शिमग्यात ती यायची होती.

"आप्पा, ढोल वाजला की ती बिथरते," मृणाली म्हणाली. "मी तिला जनीकाकीकडे नेते."

"नको. देवीसमोर उभी राहू दे. आजवर लोकांसाठी मागितलं, आज तिच्यासाठी मागतो."

पालखी टेकली. आप्पांनी राहीला पुढे धरलं, हात जोडले. "आई महामाये, हे लेकरू तुझ्या पायाशी उभं आहे..."

"होय म्हाराजा!"

"त्याला वाचा दे..."

"होय म्हाराजा!"

आप्पांचा आवाज चिरकला. "ते एक वाक्य... तेवढं परत दे गो आई."

"होय म्हाराजा!" सगळं अंगण गरजलं आणि गंगारामने ढोलावर टिपरू हाणलं.

राहीने कानांवर हात दाबले. मान ताठ झाली. आणि ती ओरडली, "गप! परत बोलायचं नाही!"

ढोल थांबला. आवाज हुबेहूब आप्पांचा होता. तेराव्याला ओरडताना शेवटी फुटलेला स्वरसुद्धा.

"आप्पा, ही तर तुमचीच प्रत!" गंगाराम म्हणाला. कोणीतरी हसलं. जनीकाकीने पदर तोंडाला लावला.

वर्षभर ते वाक्य पोरीने जपून ठेवलं होतं. मग आप्पांनी तिच्या कानांवरचे हात पाहिले.

"गंगाराम, ढोल वाजवू नकोस रे," ते म्हणाले. "तिला सोसत नाही. तेच सांगतेय ती."

त्यांनी राहीला उचललं आणि मागल्या दारी माडांखाली नेलं. "बरं केलंस हो बाय, सांगितलंस," ते म्हणत राहिले. पालखी त्यांच्या अंगणातून आवाज न करता उठली.

आता मिक्सर लागला, की राही आप्पांच्या आवाजात ओरडते आणि आप्पा कुठे असतील तिथून उठून बटण बंद करतात. मोबाइल आता डब्याला टेकवलेला नसतो. फक्त जेवायला बसले, की पहिला घास हातात धरून ते डब्याकडे बघत जरा थांबतात.

मृणाली वाट बघते. मग म्हणते, "आप्पा, निवतंय."