माठावरचं झाकण

सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरात आता माठ नाही, फिल्टर आहे. तरी दुपारी बाबा त्यांच्या खोलीत गाढ झोपलेले असताना मला माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज येतो. पाठोपाठ माझाच आवाज ऐकू येतो: "बाबा, किती वेळा?"

बाबा रिफायनरीतून निवृत्त झालेले, मधुमेह जुनाच. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागले आणि सारखे बाथरूमकडे धावू लागले. मी निदान करून मोकळी: चोरून गोड खाताहेत. घरच्या यंत्रावर साखर बरी दिसायची, तर मी म्हणायचे, तपासणीपुरते साळसूद! गुळाचा डबा कुलपात गेला. तेवढ्यानं भागेना, तेव्हा पाण्यालाही माप लावलं. दिवसाला दोन तांबे, बास.

"गोड खाल्लं नाही गं," बाबा म्हणायचे. स्वभावानं मी फौजदार, माझा कसला विश्वास बसतोय!

मग शेजारीण म्हणाली, बाबा रोज कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याकडे दिसतात. मी तरातरा गेले आणि भर दुकानात त्याला झापलं, जिलेबी का देता म्हणून. तो भांबावून गुजरातीत म्हणाला,

"बेन, काका तो फक्त पाणी ज मागे छे. चार-पांच ग्लास."

नुसतं पाणीच मागतात? बाबा आत बाकावरच बसले होते. ओठ फुटलेले. मला पाहताच त्यांनी हातातला अर्धा ग्लास खाली ठेवला.

तशीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "यांना दोन मधुमेह आहेत. एक साखरेचा, तो आटोक्यात आहे. दुसऱ्याचा साखरेशी संबंधच नाही. शरीरात पाणी धरून ठेवणारा स्राव मेंदूतल्या ग्रंथीतून कमी पडतोय. दोन्ही एकत्र क्वचितच सापडतात. पाणी तोडलं असतंत तर जिवावर बेतलं असतं."

मी तोडलं होतं. बाबांनी डॉक्टरांसमोर चकार शब्द काढला नाही.

नाकात मारायच्या औषधानं तहान आवरली. मी रडून माफी मागितली, तर म्हणाले, "तुला तरी काय माहीत, पोरी." त्यांच्या मनात खरंच काही नाही, हे मला ठाऊक आहे.

आता जेवताना भरलेला तांब्या मी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवते. ते तांब्याला हात लावतात, थांबतात, माझ्याकडे बघतात.

"घेऊ ना?"