आनंदाचा आदेश

"हसा," साहेब म्हणाले.

महाबळेश्वरच्या एका हॉटेलातला हॉल. बाहेर धुकं. आत आम्ही जिल्ह्यातले शिक्षण खात्याचे अधिकारी गोल करून उभे, हात वर. पुण्याहून आलेले प्रशिक्षक कानाला माइक लावून मधोमध फिरत होते. भिंतीवर फलक लावलेला, 'आनंदी अधिकारी, आनंदी शाळा'. पोटातून हसायचं, असं त्यांनी शिकवलं होतं. आधी हा हा हा. मग हो हो हो. सगळे करत होते. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, बायपास झालेले, सगळे.

मी हसत नव्हते. मुद्दाम नव्हे. येत नव्हतं.

साहेबांनी ते बघितलं. साहेब म्हणजे आमच्या खात्याचे जिल्ह्यातले सगळ्यात वरचे. त्यांनी टेबलावरचा माइक उचलला.

"मॅडम, तुमच्या घरात हसायला बंदी आहे का?"

चारदोन जण हसले.

"नाही, बुरखा यांच्या तोंडावर दिसत नाही. मनावर असावा."

आता सगळे हसले. इतका वेळ नुसता आवाज काढत होते. हे हसणं खरं होतं. फरक मला ऐकू आला.

मी बुरखा घालत नाही. माझी आईही घालत नव्हती, ती डोक्यावरून पदर घ्यायची. पण घातला असता तरी काय?

"पुढं या. मधे उभ्या राहा आणि सगळ्यांना हसून दाखवा. तुमचा तालुका आनंद उपक्रमात शेवटचा का, ते आज कळलं."

मी मधे गेले. पन्नाशी ओलांडलेली बाई. तालुक्यातल्या सगळ्या सरकारी शाळा माझ्याकडं. मी शाळेत पाय टाकला की मास्तर उठून उभे राहतात. आणि मी त्या गोलात, गणित चुकलेल्या पोरीसारखी.

हुकूम झाला की हसायचं, हे मला नवीन नव्हतं.

माझे अब्बा मणियार. औंधचे आम्ही. यमाईच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान लागायचं, एरवी अब्बा गावोगाव फिरायचे आणि टोपली घेऊन मी मागं. एकदा एका मोठ्या घरी सुनेच्या हातात बांगडी भरताना ती फुटली. काच लागली, रक्ताचा थेंब आला. सासूनं ओसरीवरून उठून फाडकन माझ्या तोंडात मारली. मी बांगडीला हातसुद्धा लावलेला नव्हता. अब्बांचा हात तसाच सुनेच्या मनगटाशी थांबला. ते त्या बाईला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "हस बेटा. गिऱ्हाईक हाय."

मी हसले. गाल भाजत होता आणि हसले.

"पोर शहाणी हाय," सासू म्हणाली.

नऊ वर्षांची होते. तेव्हापासून मला माहीत आहे. अंगणात उभं असलेल्यानं हसायचं असतं. ओसरीवर बसलेल्यानं ते बघायचं असतं.

पण त्या दिवशी हॉलमध्ये मला हसू आलं नाही, ते औंधमुळं नाही. लतामुळं.

लता म्हसवडच्या पुढच्या एका वाडीतल्या शाळेची मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका आणि शिपाई आणि क्लार्क, सगळं तीच. कागदावर शाळेला दोन शिक्षक होते. दुसरा साहेबांच्या कार्यालयात कामगिरीवर बसलेला, सगळ्या शाळांची माहिती एकत्र करायला. म्हणजे चार वर्ग लताच्या एकटीच्या गळ्यात. वर खिचडी. वर मोबाईल.

तिची शाळा मी बघितली होती. मी दारात उभी राहिले तरी पोरं उठली नाहीत, आपापल्या कामात होती. दोन पोरी भिंतीवरच्या नकाशात म्हसवड शोधत भांडत होत्या. लता त्यांच्यात बसली होती, मांडी घालून, कपाळाला खडू लागलेला. मी गेले त्याचं तिला दडपण आलं, पोरांना आलं नाही. अशी शाळा मी फार बघितलेली नाही. शेऱ्यात मात्र मी लिहिलं, 'शिस्त सुधारावी'.

मग वरून आनंदाचा आदेश आला. दर शनिवारी आनंदाचा तास घ्यायचा. हसणाऱ्या मुलांचे पाच फोटो टाकायचे. शिक्षक किती आनंदी आहेत, एक ते पाचमध्ये भरायचं. लताच्या वाडीत फोन लागतो, पण नेट मिळत नाही. फोटो पाठवायला तिला शाळेमागचा डोंगर चढावा लागायचा.

कार्यशाळेच्या आदल्या सोमवारी साहेबांची ऑनलाइन बैठक होती. सगळे तालुके पडद्यावर.

"तुमची एक शाळा बाकी आहे, मॅडम," साहेब म्हणाले. "एक. जमत नसेल तर सांगा. त्या खुर्चीला माणसं भरपूर आहेत."

"हो सर. सॉरी सर," मी म्हणाले. आणि हसले. पडद्यात माझा चेहरा मला दिसत होता, म्हणून माहीत आहे.

बैठक संपली. मी लताला फोन लावला. तेव्हा हसत नव्हते.

"लताबाई, तुमच्या एकटीपायी माझ्या तालुक्याची अब्रू गेली. पाच फोटो पाठवता येत नाहीत? जमत नसेल तर घरी बसा. शेण काढा."

हे मी बोलले. शब्दन् शब्द हाच. साहेबांचे शब्द सांगायचे आणि माझे गिळायचे, असं मला करायचं नाही.

"व्हय मॅडम. पाठवते," ती म्हणाली.

ती भर उन्हात डोंगरावर गेली. खाली आली, वर्गात शिरली आणि पडली. पोरं रानात पळाली, माणसं बोलावून आणली. जीपमध्ये घालून तिला आधी म्हसवडला आणि तिथून साताऱ्याला नेलं. रक्तदाब वाढून डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. डावी बाजू गेली.

त्या भागातल्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांनी मला फोन केला.

"मॅडम, लताबाई वर्गात पडल्या. दवाखान्यात नेलंय." मग म्हणाले, "पण फोटो आलेत."

आणि मी, देवाशपथ सांगते, त्या दुसऱ्या वाक्यावर आधी सुटकेचा श्वास सोडला.

महाबळेश्वरला जाताना साताऱ्यात थांबले. लताचे मालक फौजेतून निवृत्त झालेले. मला बघून ताठ उभे राहिले. लता खाटेवर होती. साहेबीण आली म्हणून तिनं हसायचा प्रयत्न केला. उजवीकडचा ओठ वर गेला. डावीकडचा तसाच राहिला. अर्धं तोंड हसत होतं, माझ्यासाठी. मी सफरचंदं ठेवली, "काळजी घ्या" म्हणाले आणि निघाले. दोन मिनिटंसुद्धा थांबले नाही.

तिथून निघून मी त्या हॉलमध्ये गेले होते. आणि साहेब म्हणत होते, हसा.

"मॅडम, आम्ही वाट बघतोय," साहेब म्हणाले.

"साहेब, मी हसणार न्हाई."

माझी कार्यालयातली मराठी कुठं गेली ते कळलं नाही. घरची तोंडात आली.

"काय म्हणालात?"

"न्हाई म्हणले. आमची एक बाई साताऱ्याच्या दवाखान्यात पडलीय. तिचं अर्धं तोंड हालत न्हाई. तुमी मला बोलला. मी तिला बोलले. ती कुणाला बोलणार? तिच्या खाली पोरंच हुती. ती पोरांना बोलली न्हाई, सगळं पोटात ठिवलं. आणि पडली. तिच्या शाळेतला दुसरा मास्तर तुमच्या हापिसात बसून आमच्या आनंदाची बेरीज करतोय. तो आधी परत द्या."

साहेबांनी माइक खाली ठेवला.

"हा विषय इथला नाही. खाली बसा."

"उभं तुमीच केलंय."

प्रशिक्षक पुढं आले. आवाज मऊ. "मॅडम, ही नकारात्मक ऊर्जा आपण थोडा वेळ बाहेर ठेवूया का?"

"मग मलाच बाहेर ठेवा," मी म्हणाले. पर्स उचलली आणि चालू लागले.

मागून कुणी आलं नाही. गाडीपाशी पोचले तेव्हा शेजारच्या तालुक्याचे अधिकारी पळत आले. माझ्याहून वडील.

"बोललात ते लय बरं केलंत. सगळ्यांचंच साचलं होतं. फक्त आमचं नाव कुठं घेऊ नका."

"तुम्ही बोललात काय, म्हणून नाव घेऊ?"

ते परत फिरले. धुक्यात लगेच दिसेनासे झाले.

मी सरळ साताऱ्याला आले. लताच्या खाटेशी बसले. या वेळी उठले नाही. म्हणाले, "लताबाई, मी तुम्हाला जे बोलले, त्याला माफी नाही. तरी मागते."

ती छताकडं बघत बोलू लागली. शब्द जड येत होते, एकेक ओढून काढत होती.

"मॅडम, फोन स्पीकरवर हुता."

मला कळेना.

"हातात खडू हुता. फोन टेबलावर ठिवलेला. पोरांनी ऐकलं समदं."

तिचे मालक खिडकीबाहेर बघत होते. मी पुन्हा माफी मागितली. "असू द्या" ती म्हणाली नाही. म्हणावं असं मला वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू?

"मला नगं," ती म्हणाली. "पोरांला सांगा."

सोमवारी वाडीत गेले. लताच्या जागी तात्पुरती एक तरुण शिक्षिका पाठवलेली होती. पोरं मला बघून उठून उभी राहिली. ताठ. सगळी. मागच्या खेपेला हीच पोरं उठली नव्हती.

मी म्हणाले, बसा. म्हणाले, तुमच्या बाईंना मी फोनवर वाईट बोलले. त्यांची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

मग चौथीतली एक पोरगी उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी.

"माझी आय शेण काढती," ती म्हणाली.

एवढंच. आणि बसली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मला माहिती देत होती. मी काय बोलले होते, ते मला तेव्हा कळलं. लताचा अपमान करायला मी त्या वर्गातल्या सगळ्या पोरांच्या आया वापरल्या होत्या. मणियाराची पोर मी. टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरलेली. साहेबाची खुर्ची मिळाली आणि मीही ओसरीवर जाऊन बसले. तिथून हात उचलायला शिकले. बाईच्या तोंडात मारायला मला हातही लागला नाही, फोन पुरला.

मी वाडीतून निघाले.

कार्यालयात आले तर नोटीस आलेली. 'कार्यशाळेत शिस्तभंग करून वरिष्ठांचा अवमान केला. सात दिवसांत खुलासा करावा.' आमच्या कार्यालयातले जुने क्लार्क म्हणाले, "मॅडम, दिलगिरीच्या दोन ओळी टायपून देतो. सही करा. मिटंल."

"नको," मी म्हणाले. "कोरा कागद द्या."

महाबळेश्वरच्या त्या फलकाखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. आनंद ही अधिकाऱ्याची ताकद आहे. ती ओळ खोटी नाही. लताकडं ती ताकद होती. चार वर्गांची पोरं तिच्यापाशी निर्धास्त होती. आम्ही डोंगर चढायला लावून ती मोडली आणि मग हॉटेलात जमून हा हा करत तीच शोधत बसलो.

खुलासा मी हातानं लिहिला. मी हसले नाही हे खरं आहे. वरिष्ठांना बोलले हेही खरं आहे. दिलगीर नाही. मी एका मुख्याध्यापिकेला जे बोलले ते शब्दशः पुढं देत आहे, त्याबद्दल माझ्यावर कारवाई करावी. त्याआधी मला जे बोललं गेलं, तेही शब्दशः देत आहे. बुरख्याचं वाक्य पहिल्या पानावर घातलं. त्याखाली लिहिलं, हे माझ्या धर्मावर बोललं गेलं, भर सभेत, आणि त्यावर अधिकारी हसले. कोण कोण हजर होतं, ती यादी जोडली. शेजारच्या तालुक्याच्या अधिकाऱ्यांचं नावही त्यात आलं. हजर होते, म्हणून आलं. शेवटी लिहिलं, कामगिरीवर काढलेला शिक्षक परत मिळेपर्यंत या शाळेचा एकही फोटो पाठवला जाणार नाही. हा निर्णय माझा आहे, शाळेला विचारू नये.

क्लार्कनी वाचलं. चष्मा काढून पुसला.

"मॅडम, चार्ज जाईल."

"जाऊ द्या."

"कोपऱ्यातला तालुका देतील."

"तिथंही शाळा असतील."

अजून काही झालेलं नाही. शिक्षक आलेला नाही. लता अजून घरी आहे, काठी धरून उंबऱ्यापर्यंत येते. ती माझ्याशी बोलते, कामापुरतं. तिचा तो हक्क आहे. साहेबांचा परवा पुन्हा फोन आला. मागं पडलेल्या शाळांची नावं शिक्षकांच्या गटावर टाका, म्हणाले, जरा लाज वाटू द्या. मी टाकली नाहीत. काय म्हणाले ते तारीख-वेळेसह लिहून, खाली सही करून त्यांनाच पाठवलं आणि प्रत त्यांच्या वरच्यांना दिली.

चार्ज काढा. बदली करा. जिथं टाकाल तिथं जाईन. पण वरून येणारी शिवी आता माझ्या टेबलावरून खाली जाणार नाही. वर जाईल. दर वेळी. नावानिशी, सहीनिशी.