रुमालाखालचा अंदाज

बिराजदार मॅडमनी पहिल्याच बैठकीत मला माझ्याच ऑफिसातून बाहेर काढलं. भाडं मी भरतो, खुर्च्या मी घासाघीस करून आणलेल्या, दारावर पाटी माझी. आणि ही साठी ओलांडलेली, कपाळाला विभूती लावलेली बाई मला म्हणते, "कदम, तुम्ही जरा बाहेर बसा. चहा घ्या." मी रागीट माणूस आहे हे लातुरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी मुकाट्याने का उठलो, ते मला अजून नीट सांगता येत नाही. दाराच्या काचेतून मला एवढंच दिसलं, की त्यांनी पर्समधून मोठा पांढरा रुमाल काढला, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, लोक खांद्यावर टाकतात तसला. तो उजव्या हातावर पसरला आणि माझ्या एकेका इंजिनिअरसमोर जाऊन रुमालाखाली त्याचा हात धरला.

आमच्याकडे जनावरांच्या बाजारात असाच सौदा होतो. भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा, म्हणजे भोवती उभ्या असलेल्यांना कळत नाही. मॅडमचे वडील उदगीरचे आडते आणि रुमाल त्यांचाच. पण मॅडम बैल घ्यायला आल्या नव्हत्या. लष्कराच्या ड्रायव्हरांना घाटात ट्रक चालवायला शिकवणारं एक सॉफ्टवेअर आम्हाला करायचं होतं आणि त्याला किती महिने लागतील, ते त्या विचारत होत्या. एक बोट म्हणजे एक महिना.

"चिठ्ठीवर लिहून घ्या की," मी नंतर म्हणालो.

"इल्ला, न्हाई. ही सगळी लातूरच्या क्लासमधनं निघालेली पोरं. चिठ्ठी दिली की शेजाऱ्याचं बघत्यात. एकच उत्तर बरोबर असतंय, असं त्यांच्या डोक्यात बसलंय. अंदाजाला कुठली आली उत्तरपत्रिका?"

त्या माझ्याकडे कशा आल्या, ते सांगायला हवं. मी हदगावचा. आधी कॉम्प्युटर क्लास काढला, मग डाळमिलवाल्यांना बिलं करायचं सॉफ्टवेअर विकलं, मग ड्रायव्हिंग स्कूलसाठी सिम्युलेटर केला. सिम्युलेटर म्हणजे खरी केबिन, खरं स्टिअरिंग आणि समोर पडद्यावर रस्ता. गाडी जागची हलत नाही, पण माणूस शिकतो. ते पाहून हैदराबादच्या एका बड्या कंपनीने लष्कराच्या कामातला एक तुकडा मला दिला. एकच ट्रक, एकच घाट, थोडं धुकं. आमचं काम लांबलं. त्यांनी ते अर्ध्यातून काढून घेतलं, स्वतः पुरं केलं, आणि आमचं नावही कुठं ठेवलं नाही. त्यांचा साहेब चारचौघांत म्हणाला, "छोटे शहर की कंपनी है, इनको अंदाज़ा नहीं होता." ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं. आजही बसलेलं आहे.

मॅडम हैदराबादेतच एका सरकारी कार्यालयात होत्या. असली प्रशिक्षणाची यंत्रं आणि त्यांचं सॉफ्टवेअर करायला किती वेळ, किती पैसा लागेल याचे अंदाज तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त होऊन नांदेडला, यजमानांच्या घरी राहत होत्या. यजमान वारले होते, मुलगी हुबळीला. मी सगळे कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो, तो सल्ला घ्यायला नाही. मला साक्षीदार हवा होता.

"मॅडम, त्यांनी आम्हाला फसवलं, एवढं लिहून द्या."

त्यांनी कागद चाळले. दुसऱ्याच पानावर थांबल्या. "कदम, ह्यात शिकवणारा कुठं बसतो?"

"म्हणजे?"

"ट्रक हाय, घाट हाय, धुकं हाय. समोर पोरगं बसून स्टिअरिंग फिरवतंय. त्याला शिकवणारा माणूस कुठाय? तो काय बघतो? चूक झाली तर थांबवतो कसा? ते करायला किती दिवस धरले तुम्ही?"

मी म्हणालो, त्याला एक वेगळा कॉम्प्युटर दिला होता. त्यांनी पान उलटलं. मग विचारलं, "हे महिने कुणी ठरवले?"

"मीच. पोरांना विचारतो, किती लागतील? ते म्हणतात चार. मी म्हणतो दोन. शेवटी अडीचवर जमतं."

मॅडम तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "अहो, ही काय कोथिंबिरीची जुडी हाय? भाव तुम्ही पाडला, काम तेवढंच राहिलं की!"

मला राग आला. मी कागद गोळा केले आणि उठलो. दाराशी त्या म्हणाल्या, "तुमचं जुनं भांडण तुमच्याजवळच राहू द्या. मला त्यात पडायचं न्हाई. पुढचं काम असंल तर सांगा."

पुढचं काम होतं. पुण्याच्या एका कंपनीकडे लष्कराचा दुसरा कार्यक्रम आला होता: एकामागे एक सहा ट्रकांचा तांडा एकाच घाटातून न्यायचा सराव. त्यातलं सॉफ्टवेअर ती कंपनी बाहेर करायला देणार होती. आणखीही कंपन्यांना बोलावलं होतं. मला ते काम हवंच होतं. हैदराबादनंतर ऑफिसात सुतक आल्यासारखं झालं होतं, पोरं खाली मान घालून मोबाइलवर पुण्याच्या नोकऱ्या बघत होती. नायगावची रोहिणी, माझ्याकडची सगळ्यांत शांत आणि सगळ्यांत चांगली मुलगी, तिला तर पुण्याहून बोलावणंही आलं होतं. हे काम गेलं असतं, तर ती गेली असती, आणि तिच्यामागे खोली रिकामी झाली असती.

म्हणून मॅडमना बोलावलं. मी गाडी पाठवतो म्हणालो, तर त्यांनी नकार दिला. "गाडी पाठवली की मला तुमचं ऐकावं लागंल." त्या नांदेडहून एसटीने आल्या, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन. आल्या आणि मला बाहेर काढलं.

रुमाल फिरून झाल्यावर मला आत घेतलं. "बसा. ऐका. बोलायचं मात्र न्हाई." मग त्या पोरांकडे वळल्या. "कुणी किती बोटं दाबली, ते मी सांगणार न्हाई. पण सगळ्यांत कमी ज्यानं दिलं आणि सगळ्यांत जास्त ज्यानं दिलं, त्या दोघांनी आपणहून कारण सांगितलं तर बरं होईल."

मुबीन लगेच बोलला. नांदेडचा, हसरा, पडद्यावरचे डोंगर-रस्ते तोच बनवतो. "मॅडम, घाट आपल्याकडे तयार आहे, ट्रक तयार आहे. एकाचे सहा करायचे, बस. इतनी क्या बात है?"

मग रोहिणी उभी राहिली.

"ट्रक सहा होतील. पण शिकवणारा एकच राहतो ना. तिसऱ्या ट्रकवाल्यानं ब्रेक उशिरा मारला, तर त्याला एकट्याला थांबवायचं, बाकीचे चालू ठेवायचे. नंतर सगळ्यांना बसवून पुन्हा दाखवायचं, की ह्याच्यामुळं मागचा कसा अडकला. आपलं जुनं सॉफ्टवेअर एकाच ट्रकची नोंद ठेवतं. ते ओढूनताणून वापरता येणार नाही. नवं लिहावं लागतं."

माझं 'बोलायचं न्हाई' तिथंच संपलं. "मग हे मागच्या वेळी का नाही बोललीस? त्या शिकवणाऱ्याच्या भागावरच तर अडकलो होतो!"

"बोलले होते, सर," रोहिणी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, अडीच."

मुबीनने हसू लपवायला पाण्याची बाटली तोंडाला लावली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कदम, चहा थंड होऊन राहिला."

रुमाल दुसऱ्यांदा फिरला. मी पुन्हा बाहेर. ह्या वेळी आकडे बरेच जवळ आले होते, कारण सगळ्यांना आता तेच काम दिसत होतं. पण मॅडमनी एक आकडा दिलाच नाही, तीन दिले. सगळं सुरळीत झालं तर किती, नेहमीसारखं अडखळत झालं तर किती, आणि पाय घसरला तर किती. मधला आकडाच मी लावला असता त्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

मी टेबलावर हात आपटला. "हा आकडा घेऊन गेलो तर पुण्यावाले दारातूनच परत पाठवतील. पोरं निघून जातील. तुमचं काय, तुम्ही एसटीत बसून जाल!"

"जाईन की," त्या म्हणाल्या. "कमी आकडा लावायचा असंल तर खुशाल लावा, माझं नाव तेवढं काढा. पण कदम, परत पाठवलं तर एकदाच परत याल. अर्ध्यातनं काम काढून घेतलं, तर ही पोरं तोंड कुठं दाखवतील?"

मी आकडा बदलला नाही. मनात मात्र ठरवलं होतं, पुण्याला गेल्यावर बघून घेऊ. घासाघीस करायची वेळ आली, की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

पुण्याचे साहेब सभ्य होते. तीन आकडे बघून भुवया उंचावल्या. "कदम, बराच खाली यावं लागेल. तुम्ही लातूरहून काम करता, तुमचा खर्च तो किती?" माझी जीभ वळवळली. पाऊणपटीत करतो, हे शब्द ओठांवर आले. तेवढ्यात मॅडमनी पर्समधून रुमाल काढला, घडी करून माझ्यासमोर टेबलावर ठेवला, आणि मी तोंड मिटलं.

"खाली येऊ," मॅडम म्हणाल्या. "काम किती खाली आणायचं ते सांगा. काय काढू?"

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "हा शिकवणाऱ्याचा कक्ष. फार मोठा धरलाय. एक कॉम्प्युटर आणि एक खुर्ची पुरे."

कोपऱ्यात त्यांच्याकडचे सल्लागार बसले होते. निवृत्त सुभेदार, उभी हयात जवानांना गाडी शिकवण्यात घालवलेले. तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "साहेब, मग मी काय बघू? पोरानं कुठं चूक केली ते मी त्याला इथं दाखवलं नाही, तर तो ती खऱ्या घाटात करून दाखवील."

तिथंच मला वाट दिसली. मी पुढे सरकलो. बर्फ आत्ता लागतो का? सुभेदार म्हणाले, पहिल्या तुकडीला नाही. काढा बर्फ. रात्रीचा प्रवास? पुढच्या टप्प्यात. सहाही ट्रकांच्या केबिन हलत्या हव्यात का, की दोन हलत्या आणि चार स्थिर चालतील? सुभेदारांनी विचार केला, चालतील म्हणाले. अर्धा दिवस मी भांडलो, टेबलावर हात आपटले, दोनदा उठून निघालो आणि परत बसलो. मॅडम शेजारी बिस्किट खात होत्या. एका महिन्याचाही भाव मी कमी केला नाही. काम कमी केलं, तेवढे महिने आपोआप गेले. शिकवणाऱ्याच्या कक्षाला कुणी हात लावला नाही.

परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या, "घासाघीस लई झकास येते तुम्हाला. आजवर आपल्याच पोरांशी करत होता, एवढंच."

काम आम्हाला मिळालं. त्यानंतर दर महिन्याला मॅडम एसटीने यायच्या, मी चहा घेऊन बाहेर जायचो, रुमाल फिरायचा. "अंदाज काय लोणचं हाय का, एकदा घातलं की वर्षभर बरणीत?" असं त्या म्हणायच्या. केबिन हलवणारं यंत्र दुसऱ्या कंपनीकडून उशिरा येणार, हे असंच एकदा रुमालाखालचा एक आकडा वाढला तेव्हा बाहेर पडलं. मी त्याच दिवशी पुण्याला कळवलं. साहेब ओरडले, मीही ओरडलो. पण त्यांनी काम काढून घेतलं नाही, कारण त्यांना आधी कळलं होतं. शेवटी आम्ही मॅडमच्या मधल्या आणि शेवटच्या आकड्याच्या मध्ये कुठंतरी पोचलो. तपासणीच्या दिवशी सुभेदार शिकवणाऱ्याच्या खुर्चीत बसले. तिसरा ट्रक थांबवला, बाकीचे चालू ठेवले, मग सगळं मागे नेऊन पुन्हा बघितलं. दोनदा बघितलं. मग शेजारी उभ्या रोहिणीला म्हणाले, "पोरी, इथं बसून शिकवता येईल." ती पुण्याला गेली नाही. तिच्या हाताखाली आता नायगावचीच आणखी दोन मुलं आहेत.

मॅडमचे गुडघे त्या वर्षी फार दुखायला लागले. मुलीने हुबळीला यायचा हट्ट धरला. मी नांदेडला निरोप द्यायला गेलो, तेव्हा त्या शेजारणींना पितळी डबे वाटत होत्या. "शरणार्थ कदम," त्यांनी हात जोडून लिंगायती नमस्कार केला, "बसा. खुर्च्या गेल्या, सतरंजीवर बसा."

मी बसलो. इकडचं तिकडचं बोललो. मग इतके दिवस अडकलेलं विचारलंच. "मॅडम, आता तरी सांगा. हैदराबादचं काम बुडालं, त्यात दहा हिस्से चूक धरली, तर त्यांची किती आणि माझी किती?"

"सोडलं न्हाई अजून?"

"न्हाई."

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग पिशवीतून रुमाल काढला, हातावर पसरला, आणि पुढे केला. मी रुमालाखाली हात घातला. वयाने बारीक झालेली, पण घट्ट बोटं. आधी हैदराबादवाल्यांचा हिस्सा दाबला, मग माझा.

किती ते मी सांगणार नाही. रुमालाखालचा आकडा बाहेर बोलायचा नसतो. हैदराबादवाल्यांवरचा माझा राग अजून आहे, पण त्या दिवसापासून त्याचं माप मला माहीत आहे.

मी हात काढून घेतला तेव्हा रुमाल माझ्याच हातावर राहिला. त्यांनी तो परत मागितला नाही. तो आता रोहिणीच्या खणात असतो. नवं काम आलं, की ती तो हातावर पसरते आणि काही न बोलता माझ्याकडे बघते. मी माझा चहा उचलतो आणि बाहेर जाऊन बसतो.