आबांच्या हृदयाची साखरबंदी

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एक अख्खा दिवस भाताशिवाय ठेवायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण घरात सगळ्यात मोठा आवाज माझा. हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत मला दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो, आणि ही सवय मी कॅबमध्ये विसरून येत नाही.

आबा मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला शेळ्या चारतात. गेल्या उन्हाळ्यात ते डोंगरावर दोनदा चक्कर येऊन पडले. ठोके मध्येच उधळायचे, मध्येच दडी मारायचे. हृदयाच्या स्नायूला कुठेतरी सूज असावी, असा डॉक्टरांचा संशय होता. सूज सापडली तर औषधाने उतरवून बघता येईल. नाही तर छातीत यंत्र आणि डोंगर बंद. शेळ्या विकायच्या का, हे आबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आम्ही बोलायचो. त्यांना ते सगळं ऐकू जायचं.

सूज शोधायची रीत मात्र गमतीची. आदल्या दिवशी भात, भाकरी, दूध, साखर सगळं बंद. अंडी, मटण, तूप हवं तेवढं. मग रात्रभर उपाशी. साखर मिळेना म्हटल्यावर निरोगी हृदय चरबीवर भागवतं. सकाळी शिरेतून थोडी किरणोत्सारी साखर सोडतात. सुजलेली जागा ती गपकन उचलते आणि फोटोत तेवढीच उजळते. मधे पोटात साखर गेली, तर अख्खं हृदय उजळायचं आणि फोटो वाया जायचा.

मटण बघून आबांची कळी खुलली, भात नाही हे कळल्यावर कोमेजली. “नुस्तं कालवन काय वाटीनं प्यायचं व्हय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “प्या.” साखरेचा डबा आणि बिस्किटं कपाटात घालून मी किल्ली कमरेला लावली. शेजारणीचे पेढे दारातूनच परत पाठवले. चहाच्या वेळी आबा गोठ्याकडे वळले, तर धार काढून दूध पितील म्हणून मीही शेळ्यांमध्ये जाऊन उभी राहिले.

सकाळी गाडी दारात आली. परीक्षा असो, मुलाखत असो, कोर्टाची तारीख असो, माझ्या हातचं दही-साखर घेतल्याशिवाय आमच्या घरातून कुणी बाहेर पडत नाही. माझे हात आपोआप चालले. कपाट मीच उघडलं, साखर मीच घातली, आबांच्या तळहातावर मीच ठेवली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, तळहात चाटला आणि गाडीत जाऊन बसले.

बावधनच्या तपासणी केंद्रात एका मुलीने कालपासूनचं खाणं विचारलं. आबांनी मटणापासून तुपापर्यंत सगळं सांगितलं.

“आणि आज सकाळी?”

“कायबी न्हाई,” आबा म्हणाले.

आबांवर किती कडक पहारा ठेवला होता, हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि तेव्हा मला माझा हात आठवला. मी कबूल केलं. सांगितलंत ते बरं झालं, असं म्हणून तिने आम्हाला पुढच्या आठवड्याची वेळ दिली. इतकी लाज मला ऑफिसातही कधी वाटली नव्हती.

पुढच्या आठवड्यात पहारा माझ्यावर होता. सासूबाईंनी साखरेचा डबा शेजारणीकडे नेऊन ठेवला आणि निघताना आधी मला गाडीत बसवलं. या वेळी फोटो नीट आला. काळ्या पडद्यावर हृदयाचा एकच कोपरा लख्ख उजळला होता. डॉक्टर म्हणाले, हीच सूज. गोळ्या चालू करू, काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढू, तोवर डोंगरावर सोबत कुणीतरी हवं.

“म्हंजी शेळ्या ऱ्हात्यात?” आबांनी विचारलं.

डॉक्टरांना काहीच कळेना. “राहतात, आबा,” मी म्हटलं आणि तिथेच रडले.

परत येताना मी त्यांना धारेवर धरलं. साखर चालत नाही हे माहीत होतं, तर त्या दिवशी गुपचूप खाल्लीत कशाला?

आबा म्हणाले, “पडल्यापास्नं समदी मला दवाखान्यात पोचवायला येत्यात. त्या दिशी तू मला कामाला निघाल्यागत धाडलंस. न्हाई कसं म्हनायचं?”