कवडूचे कान वयानं गेले नाहीत

कवडूला जाळून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. मूल गावच्या रोडवर ट्रकच्या धडकेत वयोवृद्ध बहिरा इसम ठार. मी चौथी नापास, पण एवढं वाचता येतं. चारदा वाचलं. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला होता म्हणे. असेल वाजवला...

माझा राग त्या 'वयोवृद्ध' शब्दावर आहे. कवडू आणि मी एकाच महिन्यातले. त्याची माय आजारी पडली तेव्हा माझ्या मायनं आम्हा दोघांना पाजलं. पुढं मी धानाच्या बांधीत राहिलो, तो आरा मशीनवर लागला. आज माझी गाय जंगलातून परत येते, तर तिची घंटी मला नाल्यापलीकडून ऐकू येते. मग त्याचेच कान म्हातारे कसे झाले?

तीस वर्षं त्यानं सागवान चिरलं. सुरुवातीला घरी आला की म्हणायचा, "कानात रातकिडे ओरडून राह्यले गा." काही वर्षांनी रातकिडेही ऐकू येईनात. एकदा कानात कापूस घालून गेला, तर मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "काऊन गा कवडू, बाळंतीण झाला का?" त्यानं कापूस फेकला तो कायमचा. मला सांगितलं तेव्हा मीही हसलो होतो. ते हसणं आता मला खातं. नंतर तो लाकडावर पंजा ठेवून आरा नीट चालतो का ते ओळखायचा. काम अडलं नाही, म्हणून साहेबानं विचारलंही नाही.

रिटायर होताना तपासणी झाली. मी हट्टानं सोबत गेलो. डॉक्टरनं लिहिलं, वयामुळे बहिरा.

मी म्हटलं, "आमी दोघं एकाच वयाचे, साहेब. मले तर सारं ऐकू येते."

"बाबा, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं."

"शरीर नाई जी, काम वेगळं होतं. ते लिहा."

नाही लिहिलं. मधे बसलेला कवडू आमच्या तोंडांकडे पाहत होता... चार महिन्यांनी ट्रक मागून आला.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. त्याची बायको ताराबाई चुलीपाशी होती. "भाऊजी, चहा मांडू का?" एवढ्या जोरानं ओरडली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. मी हातभर अंतरावर बसलो होतो. ती चमकली, तोंडाला पदर लावला.

मीही तेवढ्याच जोरानं ओरडलो, "मांड! साखर जराशी जास्त टाक!"