दादी म्हणजे बहीण

साईं मास्तर फोनवर अनोळखी माणसाचं नाव विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता : "तुमची आई श्रावणात एक दिवस चूल बंद ठेवायची का?" पलीकडे सिंधमधलं कुणीतरी असे. बहुतेक जण फोन ठेवून देत.

थदडीच्या दिवशी सिंधी हिंदू घरांत चूल पेटत नाही. आपल्या शिळासप्तमीसारखंच, आदल्या दिवशीचं गार जेवतात. फाळणीत साईंच्या घरचे बोटीने मुंबईला निघाले तेव्हा त्यांची थोरली बहीण आजोळी होती. ती तिकडेच राहिली. तिचं तिकडे लग्न झालं आणि नाव बदललं, एवढंच पुढे कानावर आलं. साईं तेव्हा पाच वर्षांचे होते. "नमाज शिकली असेल," ते म्हणत. "पण थदडीला चूल पेटवायला तिचा हात धजला नसेल."

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्यांचं घर होतं. शाळेत सिंधी शिकवून ते निवृत्त झाले होते. अरबी लिपीतलं सिंधी वाचणारे त्या गल्लीत आता ते एकटेच. कुणाकडे जुनं पत्र निघालं की लोक त्यांच्याकडे घेऊन येत. ते वाचून दाखवत आणि विचारत, "तिकडचा कुणाचा नंबर आहे?"

सून वैतागायची. "पप्पा, एक दिवस पोलीस येतील घरी."

"येऊ दे. त्यांनाही विचारतो, कोणी ओळखीचं आहे का."

मी अंबरनाथहून एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. साईंनी मला बोलावून सांगितलं, "भाऊ, मेरी दादी के बच्चों को ढूंढना है. नीट लिहा." बहिणीची गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती; ऐकलं तसं लिहिलं. मथळा होता, 'आजीच्या वंशजांच्या शोधात मास्तर'. साईंनी कात्रण न वाचताच पाकिटात ठेवलं. "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." कुणीतरी भाषांतर करून ती बातमी ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या ग्रुपवर टाकली. तिकडून काही आलं नाही.

दीड वर्षाने त्यांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली. पहिल्याच ओळीला हात वर केला.

"आजी कोणाची?"

"तुमची. दादी."

"अरे भाऊ, दादी म्हणजे मोठी बहीण. आजीला आम्ही डाडी म्हणतो." दोन्ही शब्द त्यांनी वर्गात म्हणावेत तसे दोनदा म्हटले. फरक मला आत्ता ऐकू आला. "इतकी वर्षं शेजारी राहतो आपण," ते म्हणाले, "आणि तुम्ही फक्त आमचे पापड खाल्ले."

दुरुस्ती छापली, ग्रुपवरही टाकली. नवव्या दिवशी सिंधमधून फोन आला. मी तिथेच बसलो होतो. साईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. पलीकडचा म्हातारा माणूस हसला. "हो. अब्बा चिडायचे. अम्मा म्हणायची, पोट दुखतंय, आज उठवत नाही." मग तो म्हणाला, पहिली बातमीही त्याने पाहिली होती. पण त्यात आजी होती, वय जुळत नव्हतं, म्हणून सोडून दिली. तेव्हा अम्मा होती. तिला जाऊन आठ महिने झाले.

साईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझं काही बोलायची?"

"एक लहान भाऊ होता म्हणायची. पुढे विचारलं की गप्प." तो पुढे म्हणाला, "मामा, माझ्या सुनांना, व्याह्यांना यातलं काही माहीत नाही. परत फोन नका करू."

"नाही करणार, बेटा."

मी माफी मागितली. साईं म्हणाले, "शब्द आमचा, कान तुमचा. काय करणार." मग बजावलं, गाव, नाव, काहीही छापायचं नाही. गल्लीत कुणी विचारलं तर ते सांगत, "नाही मिळाले कोणी."

गेल्या वर्षी ते गेले. निधनवार्ता मीच लिहिली. त्यांच्या पश्चात मुलगा, सून आणि नात असा परिवार आहे, असं छापून आलं. भाचा धरला नाही.