कणसरीपुढचा स्फटिक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्यात तांब्याच्या ऑक्साइडचे स्फटिक वाढवत होतो. वाढवत होतो म्हणजे काय, भट्टीपुढे बसून वाट बघत होतो. महिनोन्‌महिने जायचे आणि हाती तडकलेले तुकडे यायचे. अखेर एक अखंड निघाला. काळाभोर, तांदळाच्या कणीएवढा. मी नुसता त्याच्याकडे बघत बसायचो. वेडच लागलं होतं म्हणा ना!

त्यातला तांब्याचा एकेक अणू म्हणजे इवलासा चुंबक. स्फटिक थंड करत नेला की एका ठरावीक तापमानाला ते सगळे शिस्तीला लागतात, एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली. तिथेच स्फटिकातल्या थरांच्या आरपार जाणाऱ्या विजेची वाट अवघड होते आणि रोध झपकन चढतो. तो चढ मला दिसला होता. मुंबईच्या मोठ्या चुंबकात ठेवल्यावर तो हलतो का, एवढंच मोजायचं राहिलं होतं. दिवाळीपर्यंत जमलं तर पुढे संशोधन, नाही तर जव्हारकडच्या आश्रमशाळेत मास्तरकी, असं वडिलांशी ठरलं होतं.

डबीत स्फटिक घालून मुंबईला निघालो, पण वाट वाकडी करून आधी खोडाळ्याला घरी गेलो. धुक्यात नागली डुलत होती, आणि मला कणसं एक वर, एक खाली अशी तोंडं करून उभी दिसत होती.

आईला डबी उघडून दाखवली, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नाचात हात गुंफले का मधून कोंबडीपण जात नाय, तसं?"

"अगदी तसंच गं!" मला इतका आनंद झाला की डबी तिथेच ठेवून मी ओढ्यावर अंघोळीला गेलो.

आमच्याकडे नवं पीक आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला दाखवतात. त्याआधी कुणी तोंडात घालत नाही. परतलो तर पाटावर नव्या काकडीशेजारी माझा स्फटिक. स्वच्छ धुतलेला, हळदकुंकू लावलेला. पाण्याने हे स्फटिक नासतात.

"अगं आई, काय केलंस हे!"

"तुझं नवंच ना ते? मग आधी देवीला नको?"

कपाळ माझं! स्फटिक पुसून डबीत घातला.

मुंबईत तो चढ पुन्हा दिसलाच नाही. दुसरा स्फटिक वाढेपर्यंत दिवाळी थांबणार थोडीच! मी आश्रमशाळेत रुजू झालो. पुढे कितीतरी वर्षं आईचा राग यायचा, खरंच सांगतो. तिला मात्र काही बोललो नाही.

मग एका दुपारी नागली पाखडता पाखडता ती सहज म्हणाली, "तेव्हा तुझा तो दगड ठेवून मी देवीकडं काय मागितलं, सांगू? म्हटलं, माझ्या पोराला लांब नको धाडू. ऐकलं बघ तिनं."

"ऐकलं गं," म्हणालो आणि ढसाढसा रडलो. तिला वाटलं, देवीच्या नावाने गहिवरलो.